पाठीचा साचा

"थांबा. उचला मला. आहे तसा उचला."

शिडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या उंच म्हाताऱ्याचा एक पाय गाडीत होता, एक बाहेर, आणि मधला सगळा माणूस अधांतरी अडकला होता. वेल्डरने त्याच्या काखेत हात घातले, रंगाऱ्याने गुडघे धरले, आणि दोघांनी मिळून तो लांबलचक देह अलगद बाहेर काढून स्टुलावर ठेवला. शिडीच्या कपाळावर घाम आला होता, ओठ पांढरे पडले होते. तरी श्वास सापडल्याबरोबर तो म्हणाला, "गाडी आखूड झाली की काय रे? मालक गेल्यावर कुणी कापून घेतली?"

वेल्डर हसायचं म्हणून हसला. शिडीची लेक हसली नाही. तिने पाण्याची बाटली उघडून वडिलांच्या हातात दिली, दोन घोट पोटात जाईपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "झालं समाधान? आता घरी."

"जरा बसू तर देशील?"

"स्टुलावर बसा हवं तितकं. स्टूल कुठे पळत नाही."

टाकेताई कापडाच्या टेबलाशी उभ्या होत्या. बाकी सगळे शिडीच्या चेहऱ्याकडे बघत होते तेव्हा त्या त्याच्या कमरेकडे बघत होत्या. कळ यायच्या आधी कंबर कुठवर वाकली, हात आधारासाठी कुठे गेला, बाहेर काढल्यावर कोणत्या बाजूला कलला. सगळा जन्म माणसांच्या बैठका शिवण्यात गेल्यावर नजरेला तीच खोड लागते. मिस्त्री, म्हणजे त्यांचे यजमान, चारचौघांत सांगायचे, "माझा चेहरा कसा आहे विचाराल तर हिला आठवावं लागेल. पाठ विचाराल तर डोळे मिटून शिवून देईल." मिस्त्रींना जाऊन आता दुसरं वर्ष चाललं होतं.

कारखाना एरवी रुग्णवाहिकांच्या आणि दूधगाड्यांच्या बॉड्या बांधायचा. तोच त्याचा पोटापाण्याचा धंदा. पण थोरल्या मालकांच्या डोक्यात एकदा शर्यतीच्या गाडीचं खूळ शिरलं आणि कोपऱ्यातल्या शेडमध्ये एक हिरवी, बिनटपाची, हडकुळी गाडी उभी राहिली. पुढचे दिवे डोळ्यांसारखे वर आलेले, मागची चाकं जरा जास्तच मोठी. पहिल्याच दिवशी कुणीतरी तिला नाकतोडा म्हटलं आणि तेच नाव राहिलं. हा नाकतोडा पुढे बारा तासांच्या शर्यतीत मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्यांना मागे टाकून पहिला आला. त्याच्यापेक्षा वेगवान गाड्या त्या दिवशी पुष्कळ होत्या. पण त्या तेल ढोसायच्या, टायर खायच्या आणि सारख्या थांबायच्या. नाकतोडा हलका होता. तो थोडं खायचा आणि चालत राहायचा. सकाळी उजाडताना निघाला आणि सूर्य बुडताना पहिल्या जागी होता. त्यानंतर कारखान्याने पुन्हा शर्यतीची गाडी केली नाही. मालक म्हणायचे, एकदा देव भेटला, आता रोज दारात बसून कशाला त्याला त्रास द्यायचा.

आता त्या शर्यतीचा जुना रस्ता मोडणार होते. तिथे घरं व्हायची होती. मोडायच्या आधी एका सकाळी जुन्या गाड्यांना तिथे एकेक शेवटची फेरी मारू देणार होते. त्यानंतर नाकतोड्यातलं तेल काढून टाकायचं आणि कारखान्याच्या दर्शनी दालनात काचेमागे त्याला कायमचा उभा करायचा, असं मालकांच्या मुलीने ठरवलं होतं. त्या गाडीच्या तीन चालकांपैकी आता एकटा शिडी उरला होता. फेरी त्यानेच मारावी असं सगळ्यांच्या मनात होतं. शिडीच्या पाठीच्या मनात नव्हतं, इतकंच.

मालकांची मुलगी टाकेताईंच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "मावशी, राहू दे. मी एक पोरगा बघून ठेवलाय, चांगला चालवतो. काकांना शेजारी खुर्ची देऊ, हारतुरे देऊ."

ती लहानपणी याच टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात झोपायची, म्हणून अजून मावशी म्हणायची.

"दे की," टाकेताई म्हणाल्या. "खुर्चीसुद्धा माझ्याकडूनच शिवून घे."

शिडीला फाटकापर्यंत पोचवायला त्या गेल्या. लेक पुढे जाऊन गाडीचं दार उघडत होती तेवढ्यात तो न थांबता, न वळता म्हणाला, "टाकेताई, काही करता येईल का गं?"

इतक्या वर्षांत या माणसाने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं.

*

घरी त्यांच्या स्वयंपाकघराला मागच्या अंगणात उतरायला एक पायरी होती. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री त्या पायरीवर येऊन बसले होते आणि हात न धुताच त्यांनी बायकोला सगळं सांगितलं होतं.

अशा लांब शर्यतीत गाडीला विश्रांती नसते, माणसं बदलतात. नाकतोड्याला तीन माणसं होती: शिडी, मधला आणि गोटी. नावांवरूनच कळावं की तिघांची मापं कशी होती. गाडीतली मूळ बैठक म्हणजे एक कडक टोपलं, ते तळाला पक्कं ठोकलेलं, पुढेमागे न होणारं. त्या टोपल्यात ज्याने त्याने आपापला साचा घालून बसायचं. साचा म्हणजे त्या एका माणसाच्या पाठीचा आणि मांड्यांचा ठसा घेतलेली, कापडाने मढवलेली जाड गादी. गोटीचा साचा भलता जाड होता, कारण त्याचे पाय पेडलपर्यंत पोचायला त्याला पुढे आणि वर आणावं लागे. शिडीचा साचा पापडासारखा पातळ. माणूस उतरताना आपला साचा उपसून काढायचा, दुसरा मिस्त्रींनी हातात दिलेला आपला साचा टाकून त्यावर बसायचा. बसला की मिस्त्री गाडीच्या अंगावर तळहाताने दोन थापा मारायचे. दोन थापा म्हणजे जा.

तिन्ही साचे टाकेताईंनी शिवले होते आणि तिन्ही एकाच निळ्या कापडाचे होते. फोटोत सारखे दिसावेत ही मालकांची हौस. कुणाचा कोणता ते पाठीमागे खडूने लिहिलेलं होतं. दिवसभराच्या घामाने आणि ओल्या हातांनी खडू पुसला जाईल, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

शेवटच्या पाळीला शिडी बसायचा होता. भिंतीला टेकवलेल्या दोन निळ्या गाद्यांतली एक मिस्त्रींनी घाईत, जाडी न चाचपता उचलली, शिडीने ती न बघता टोपल्यात टाकली, दोन थापा पडल्या, गाडी गेली. मिस्त्री वळले तर भिंतीशी पातळ साचा उभा.

शिडी गोटीच्या साच्यावर बसून गेला होता. म्हणजे गुडघे स्टिअरिंगला भिडलेले, डोकं काचेच्या वर वाऱ्यात, आणि दणक्यागणिक सगळा भार कमरेच्या एकाच मणक्यावर. मागची गाडी जवळ येत होती. मिस्त्रींनी स्वतःच्या जबाबदारीवर पाटी धरली: आत ये. पुढच्या फेरीला शिडीने पाटी पाहिली आणि स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून हलवलं: नाही. सूर्य बुडेपर्यंत तो तसाच चालवत राहिला आणि जिंकला. त्याला गाडीतून काढायला चार माणसं लागली.

मालक तापट होते. एका फिटरने इंजिनात पाना विसरला म्हणून त्याला त्यांनी उभ्या पावली घालवलं होतं. आनंदाच्या भरातही त्यांनी विचारलं, "डोकं काचेच्या वर का होतं तुझं? कुणी घातला हा साचा?" शिडी जमिनीवर पालथा पडून म्हणाला, "मीच मागितला. माझा ओला झाला होता."

विषय तिथेच संपला. मिस्त्री निवृत्त होईपर्यंत त्याच कारखान्यात राहिले, मुलं त्याच घरात मोठी झाली. मिस्त्रींनी पुष्कळदा शिडीपाशी विषय काढायचा प्रयत्न केला. दर वेळी शिडी "चहा सांग आधी" म्हणायचा, आणि चहा झाला की भलतंच काही बोलत बसायचा. शेवटी मिस्त्री बायकोलाच म्हणायचे, "त्याच्या पाठीवर आपलं घर उभं आहे, एवढं लक्षात ठेव."

त्यांनी ठेवलं होतं. पण लक्षात ठेवणं आणि फेडणं यांत फरक असतो, आणि हे ऋण म्हातारं होत चाललं होतं.

*

शिडी गाडीत अडकला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच टाकेताई त्याच्या घरी गेल्या. तो खिडकीशी लाकडी खुर्चीत ताठ बसला होता, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी. टाकेताईंनी आधी ती गुंडाळी पाहिली. किती उंचीवर आहे, कुठे दबली आहे. मग "बसा तुम्ही" म्हणून स्वयंपाकघरात शिरल्या.

लेक शेंगा सोलत होती. तिने न विचारता ताट जरा पुढे सरकवलं. दोघी सोलू लागल्या.

"तुम्ही कशाला आलात ते कळलंय मला, काकू."

"मग बरंच झालं. सांगायचा त्रास वाचला."

"पाठीत सळ्या आहेत त्यांच्या. दोन. स्क्रूने बसवलेल्या. ऑपरेशननंतर मी त्यांना लहान मुलासारखं चालायला शिकवलंय." तिने एक शेंग मोडली. "त्या गाडीनेच त्यांची पाठ खाल्ली. ते म्हणतात वयाने गेली. मी लहान होते, पण घरी आले तेव्हा कसे आले होते ते मला आठवतंय. आई मोजे काढायची त्यांचे. आणि तुम्ही म्हणता पुन्हा त्याच गाडीत."

टाकेताईंनी हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. मग म्हणाल्या, "खाल्ली असेल. म्हणूनच आले मी. दुसरं कुणी असतं तर त्या पोराला बसवा म्हणून मोकळी झाले असते."

लेकीने मान वर करून पाहिलं.

"मला एकदा बघू दे," टाकेताई म्हणाल्या. "कारखान्यात, गाडी बंद असताना. तू समोर उभी राहा. त्यांच्या चेहऱ्यावर एक आठी दिसली तर तू म्हणशील तिथे थांबायचं. मी वाद घालणार नाही."

"ते आठी दाखवत नाहीत. तोच तर त्रास आहे."

"पाठ दाखवते. तोंड खोटं बोलतं गं, पाठीला नाही जमत."

बाहेरून शिडी ओरडला, "शेंगा सोलताय की माझी सालं काढताय?"

"दोन्ही," लेक म्हणाली. आणि मग टाकेताईंना, हलक्या आवाजात, "एकदाच. बघू."

*

साचा घ्यायची रीत तीच जुनी होती. टोपल्यात जाड प्लॅस्टिकची पिशवी पसरायची. दोन डब्यांतली दोन द्रावणं एकत्र ढवळून त्या पिशवीत ओतायची. त्यांचा फेस होतो, फेस फुगतो, तापतो, आणि त्यावर बसलेल्या माणसाच्या अंगाभोवती चढत चढत घट्ट होतो. माणसाने तोवर हलायचं नाही, पण ताठही व्हायचं नाही. हे दुसरं अवघड. म्हणून टाकेताईंचा एक नियम होता: फेस चढत असताना बोलत राहायचं. गप्प बसलेला माणूस पाठ आवळतो, मग साचा आवळलेल्या पाठीचा होतो आणि सैल पाठीला टोचतो. गोटी त्या वेळात चावट विनोद सांगायचा. मधला पाढे म्हणायचा.

शिडीची अडचण त्यांनी आता नीट समजून घेतली होती. सळ्या घातलेला भाग वाकत नव्हता. खोल बैठकीत पाय पुढे पसरून बसलं की शरीर नेमकं तिथेच वाकू पाहायचं. तेव्हा त्याला खोल बसवायचंच नाही. कंबर वर उचलायची, धड जरा मागे कलतं ठेवायचं, भार मांड्यांनी आणि फासळ्यांनी घ्यायचा, आणि सळ्यांच्या मागे पोकळी सोडायची, तिथे काहीच लागू द्यायचं नाही.

गाडीत चढवायची युक्ती वेल्डरने काढली. रुग्णवाहिकेत आजाऱ्याला खाटेवरून खाटेवर सरकवायची गुळगुळीत फळी असते, ती त्याने नाकतोड्याच्या कडेवर टेकवली. शिडी फळीवर बसला आणि हळूहळू आत सरकला.

"आजारी म्हणून आत, चालक म्हणून बाहेर," तो म्हणाला. "आयुष्यात कधी कधी गाडी उलटी पण चालते."

पहिला प्रयत्न फसला. लेक समोर हाताची घडी घालून उभी होती आणि शिडी तिच्यासमोर हू की चू करायला तयार नव्हता. "बोला काहीतरी," टाकेताई म्हणाल्या. "काय बोलू?" म्हणून तो गप्प. फेस चढला, घट्ट झाला, आणि उठवून पाहिलं तर साच्यात आवळलेल्या पाठीचे दोन कडक खड्डे. वर फेसाचा एक गोळा पिशवीतून निसटून टाकेताईंच्या केसांत बसला होता. तो कात्रीने कापावा लागला. रंगारी म्हणाला, "ताई, एका बाजूने तुम्ही आता अगदी कवळ्या दिसताय."

दुसऱ्या दिवशी टाकेताईंनी लेकीला सांगितलं, "तू आज माझ्या मागे उभी राहा. त्यांना दिसायचं नाही अशी. तुझ्यासमोर ते बाप होऊन बसतात."

ती शिवणयंत्रामागे जाऊन उभी राहिली. फेस ओतला. शिडी फळीवरून सरकत त्यावर बसला. पाय स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना बेडकासारखे, डोकं काचेच्या वर.

त्याने काचेवरून समोर पाहिलं. "ही उंची ओळखीची आहे," म्हणाला.

टाकेताईंना जे इतकी वर्षं बोलायचं होतं ते इतक्या सहज समोर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. चहा सांगायला आज त्याला जागाच नव्हती; फेस चढत होता आणि तो बोलायला बांधला गेला होता.

"यांनी तुम्हाला चुकीचा साचा दिला होता," त्या म्हणाल्या. "मला त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. तुम्ही तो अंगावर घेतलात. यांची नोकरी राहिली, घर राहिलं. त्यांना तुमच्यापाशी बोलायचं होतं, तुम्ही बोलू दिलं नाहीत. आता मी बोलते."

"तू साचा बघ. पाठीत गरम होतंय."

"होऊ दे. गरम व्हायलाच हवं. आणि गप्प बसायचं नाही."

शिडी हसला. पाठ हलली नाही, फक्त सैल झाली. टाकेताईंना ते दिसलं.

"टाकेताई, दुपारी चाक बदललं होतं ते माहीत आहे तुला?"

"चाकं तर दिवसभर बदलत होते."

"तसं नाही. दुपारी मी बसलेलो, चारी चाकं नवीन चढवून झाली, मालक ओरडतायत सोड, सोड. आणि मिस्त्री थापा मारेना. मागच्या डाव्या चाकावर हात ठेवून उभा. बोटं फिरवली त्याने, आणि चढवलेलं चाक पुन्हा काढायला घेतलं. मालकांनी काय काय शिव्या दिल्या. त्याने मान वर केली नाही. दुसरं चाक आणलं, चढवलं, मग थापा मारल्या. त्या वेळात आमची जवळजवळ सगळी आघाडी गेली. मी सुद्धा मनात शिव्या दिल्या त्याला."

टाकेताई फेसाची कड बोटाने दाबून बघत होत्या. बोट तिथेच राहिलं.

"ती पाळी संपवून उतरलो तेव्हा मी ते काढलेलं चाक पाहिलं. भिंतीशी पडलं होतं. आतल्या बाजूने तडा, एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत. केसासारखा. डोळ्याला दिसला नसता, त्याच्या बोटाला लागला." शिडीने श्वास घेतला. "उतारावरचं ते लांब वळण आठवतं तुला? तिथे गेलं असतं ते चाक. माझी ही लेक तेव्हा शाळेत जायला लागली होती."

शिवणयंत्रामागे काही हललं नाही.

"आता तू सांग. संध्याकाळी चुकीचा साचा आला. मला पहिल्या वळणावरच कळलं. आत आलो असतो तर दुसरी गाडी पुढे गेली असती. का? तर हातातली आघाडी दुपारीच खर्च झाली होती. कुणावर? माझ्यावर. मग त्याच माणसाकडे परत येऊन अजून वेळ कसा मागू? त्याचं माझं तिथेच फिटलं होतं. तो आपला येतो, उगाच तोंड पाडून उभा राहतो. मग मी चहा मागायचो."

"हे त्यांनी कधी सांगितलं नाही मला," टाकेताई म्हणाल्या. "चाकाचं."

"तो काय सांगणार? त्याच्या लेखी तडा गेलेलं चाक बदलणं म्हणजे काम. सांगण्यासारखी फक्त चूकच."

फेस घट्ट झाला होता. टाकेताईंनी तरी त्याला आणखी थोडा वेळ बसवून ठेवलं. त्यांना डोळे पुसायला रुमाल सापडत नव्हता आणि हाताला द्रावण लागलेलं होतं.

लेक मागून पुढे आली. तिने स्वतःचा रुमाल त्यांच्या गालाला लावला. मग बापाकडे वळून म्हणाली, "कळ?"

"नाही."

तिने टाकेताईंकडे पाहिलं. टाकेताईंनी पाठीकडे पाहिलं आणि मान हलवली: नाही.

*

साच्यावर त्यांनी खाकी कापड शिवलं आणि वरच्या कडेला धरायला एक जाड पट्टा लावला. मिस्त्रींच्या कामाच्या जुन्या पँटचं कापड होतं ते. धुऊन धुऊन मऊ झालेलं, पण कुठेही विरलेलं नाही. त्या शर्यतीनंतर त्यांनी बाहेरच्या शर्यतवाल्यांसाठी शिवलेल्या प्रत्येक साच्याला असा पट्टा होता, आणि दर माणसाचा निराळ्या रंगाचा.

फेरीच्या सकाळी जुन्या रस्त्याच्या कडेला बरीच माणसं जमली होती. फळीवरून सरकताना शिडीने कुणाकडे पाहिलं नाही. बसल्यावर हात स्टिअरिंगवर ठेवले, खांदे दोनदा उचलून सोडले, आणि साचा अंगाला लागला तसा त्याचा चेहरा उतरत्या वयातून जरा मागे सरकला. मालकांच्या मुलीने निशाण दाखवायचं होतं. पण तो निशाणाकडे न बघता टाकेताईंकडे बघत थांबला.

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या पुढे झाल्या आणि गाडीच्या हिरव्या अंगावर तळहाताने दोन थापा मारल्या.

नाकतोडा गेला. सावकाश जायचं ठरलं होतं आणि तो सावकाशच गेला, निदान नजरेआड होईपर्यंत. पलीकडे उतारावर आवाज जरा चढला. लेकीने ओठ आवळले. गाडी परत समोर आली तेव्हा शिडीचं पांढरं डोकं काचेच्या वर होतं, केस उभे राहिलेले, आणि तो थांबला नाही. स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून हलवलं आणि पुढे गेला.

"एकच फेरी ठरली होती," लेक म्हणाली.

"मीही एकच ऐकली होती," टाकेताई म्हणाल्या.

लेक हसायला लागली. हसता हसता तिने टाकेताईंचा हात धरला आणि दुसरी फेरी संपेपर्यंत सोडला नाही. बाप उतरला तेव्हा तिने आधी कंबर चाचपली, मग त्याचे उभे राहिलेले केस हाताने बसवले.

*

दालनात गाडी उभी राहिली त्या दिवशी शिडीला बोलावलं होतं. खाकी साचा त्याच्या घरी गेला होता; लेक सांगत होती, खिडकीशी त्या खुर्चीत टाकून आता तासभर बसू शकतात. टाकेताईंनी कपाटातले तीन जुने निळे साचे काढून टेबलावर मांडले होते.

"शर्यत संपली तेव्हा जशी होती, तशी गाडी हवी मला," मालकांची मुलगी म्हणाली. "शेवटी काका होते. म्हणजे हा पातळ घालायचा ना, मावशी?"

टाकेताईंनी शिडीकडे पाहिलं.

"गोटीचा घाल," शिडी म्हणाला.

"पण शेवटची पाळी तर तुमची."

"माझीच. मी गोटीच्या साच्यावर बसलो होतो." तो काठीवर रेलला. "मिस्त्रीने जो हातात दिला, तोच जिंकला. तोच ठेव."

मालकांच्या मुलीला वाटलं यात काही गंमत असावी. तिने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे गंमत नव्हती. ती म्हणाली, "बरं. तोच."

टाकेताईंनी जाड साचा उचलला. खांद्यांपाशी निळं कापड दोन ठिकाणी झिजून पांढरं झालं होतं, गोटीचे खांदे कधीच पोचले नसते इतक्या वर. त्यांनी तो टोपल्यात बसवला, कडा दाबल्या, मधली सुरकुती हाताने पुसून काढली.

मग मागे सरकायच्या आधी, कुणाच्या लक्षात येईल न येईल अशा बेताने, गाडीच्या अंगावर दोन थापा मारल्या. गाडी अर्थातच हलली नाही. शिडीने मात्र काठी सावरली आणि तो जरा ताठ उभा राहिला.